मुंबईचे मैदान आणि मोर्चाची वाट

मुंबईतील राजकीय संघर्षांचा इतिहास आपल्याकडे प्रायः मागण्यांचा व पुढाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी काय मागितले, कोणी नाकारले आणि अखेरीस पदरात काय पडले, हा त्याचा नेहमीचा क्रम. ज्या भूमीवर हे संघर्ष घडले तिचा विचार पार्श्वभूमीपलीकडे क्वचितच जातो. आझाद मैदानापासून दक्षिणेस, हुतात्मा चौकावरून, रीगल चित्रपटगृहासमोरील जुन्या विधानसभागृहापर्यंत पायी गेल्यास एक निराळे सूत्र हाती लागते. सत्तेच्या आसनापासून लोकांनी किती अंतरावर उभे राहावे, हा या नगरीतील एक जुना वाद आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा वाटेवरील स्थळांच्या क्रमाने घ्यावयाचा आहे.

आझाद मैदान ही निसर्गाची देणगी नव्हे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांस मराठ्यांच्या स्वारीची धास्ती पडली. कोटाभोवती खंदक खणण्याचे ठरले आणि त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी दिली. तटावरील तोफांच्या माऱ्यात आडोसा राहू नये म्हणून कोटाबाहेरील झाडे व घरे पुढे क्रमाक्रमाने हटविण्यात आली. ‘एस्प्लनेड’ हे त्या मोकळ्या पट्ट्याचे नाव. आझाद, क्रॉस, ओव्हल व कूपरेज ही आजची मैदाने त्याचेच अवशेष होत. मैदानाचा मूळ हेतू, थोडक्यात, परक्यास दूर ठेवणे हा होता.

१५ ऑक्टोबर १८५७ रोजी याच एस्प्लनेडवर हवालदार सय्यद हुसेन व शिपाई मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. पोलीस अधिकारी चार्ल्स फॉर्जेट याने पलटणीतील कट उघडकीस आणल्यानंतरची ही शिक्षा होती, आणि ती सर्वांनी पाहावी अशीच योजना होती. जी मोकळी जागा बाहेरच्या शत्रूसाठी राखलेली होती, ती आता आपल्याच शिपायांना जरब बसविण्याच्या कामी आली. पुढे १९३० च्या सविनय कायदेभंगात त्याच मैदानावर सत्याग्रहींनी जमावे आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवाव्यात, असे प्रसंग घडले. तोवर मैदानाचा अर्थ पालटला होता. लोक तेथे प्रेक्षक म्हणून नव्हे, तर हक्क सांगण्यासाठी येत होते.

मैदानाकडून दक्षिणेस आल्यावर हुतात्मा चौक लागतो. येथे पूर्वी कोटाचा चर्चगेट हा दरवाजा होता. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत, कापसाच्या तेजीच्या काळात, १८६२ पासून तट पाडण्याचे काम हाती घेण्यात आले आणि दरवाजाच्या परिसरात १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. तट गेला, सीमा मात्र गेली नाही. जवळच, ओव्हलच्या कडेला, १८७८ मध्ये पूर्ण झालेली उच्च न्यायालयाची इमारत आहे. २२ जुलै १९०८ च्या रात्री लोकमान्य टिळकांना तेथे सहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली व गर्दीस चुकवून त्यांना तत्काळ साबरमतीस हलविण्यात आले. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून याचा निषेध केला. पण तो संघर्ष न्यायालयाच्या दारी नव्हे, उत्तरेकडील गिरण्यांच्या वस्तीत झाला.

तीच वस्ती २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या चौकापर्यंत चालून आली. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याच्या योजनेविरुद्ध त्या दिवशी संप होता आणि मोर्चाचे लक्ष्य विधानसभागृह होते. फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चा अडविण्यात आला; गोळीबारात १५ जण मृत्यू पावले. जेथे कोटाचा दरवाजा होता, नेमके तेथेच लोकांना थोपविण्यात आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. यात योगायोगाचा भाग असेल. तथापि सर्व वाटा या चौकात येऊन मिळतात, त्या जुन्या दरवाजामुळेच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १०६ हुतात्मे ही संख्या रूढ झाली असली, तरी त्यांतील बहुसंख्य जानेवारी १९५६ मध्ये शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांतील गोळीबारांत पडले. १९६१ मध्ये मशालधारी शेतकरी-कामगारांचे स्मारक उभारले गेले ते मात्र चौकात. मरणाची अनेक स्थळे एका स्थळात एकवटली आणि गल्लीबोळांतील मरण नकाशावरून पुसट झाले. स्मारक हे इतिहासाचे साधन आहे, पण ते निवडीचेही साधन आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.

शेवटचा टप्पा जुन्या विधानसभागृहाचा. मुळात खलाशांच्या निवासासाठी बांधलेल्या या इमारतीत १९२८ पासून विधिमंडळ भरत असे. पुढे तेथे पोलीस मुख्यालय आले. १९५५ चा मोर्चा ज्या दारापर्यंत पोहोचू शकला नाही, ते दार चौकापासून काही मिनिटांच्या चालीवर आहे. विधिमंडळ १९८१ मध्ये नरिमन पॉइंटकडे गेले आणि १९९७ च्या न्यायालयीन आदेशानंतर दक्षिण मुंबईतील निदर्शने आझाद मैदानाच्या ठराविक भागापुरती सीमित झाली. १२ मार्च २०१८ रोजी नाशिकहून पायी आलेले हजारो शेतकरी त्याच मैदानात थांबले. वाटाघाटींसाठी विधान भवनात गेले ते त्यांचे शिष्टमंडळ.

रहदारी व नागरिकांची सोय ही या मर्यादेमागील कारणे खोटी नव्हेत. परंतु मैदान आणि सभागृह यांच्यामधील अंतर कोणी, केव्हा व कशासाठी ठरविले, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही. पोलीस दप्तरातील अहवालांत जमावाची संख्या मिळते, वेळ मिळते; जमाव कोठवर येऊ शकला आणि तेथेच का थांबला, हे कळण्यासाठी तो अहवाल हाती घेऊन ही वाट एकदा चालावी लागते.