पवनीचा कोट आणि टेकड्या

भंडारा जिल्ह्यातील पवनीचा इतिहास सांगू पाहणाऱ्याने कोणत्याही एका इमारतीपासून आरंभ करू नये; कारण एका अंगास वैनगंगा आणि उरलेल्या बाजूंस प्रचंड तट व खंदक, अशा बंदोबस्तात ज्या अज्ञात आखणीदारांनी हा कसबा बसविला, त्यांची ती आखणीच येथला सर्वांत मोठा अवशेष होय. जगन्नाथ, हरदोलाला आणि चांडकापूरची सुलेमान या टेकड्यांना लोक पिढ्यानुपिढ्या टेकड्याच समजत आले, यात नवल नाही. 1969-70 साली डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्त उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून विटांचा जो स्तूप निघाला, त्याचा व्यास सांचीच्या महास्तूपाहूनही किंचित अधिक भरला.

या स्तूपाच्या कठड्याचे दगडी स्तंभ निवांतपणे पाहावेत असे आहेत. दात्यांनी आपापली नावे त्यांवर ब्राह्मीत कोरविली. एका स्तंभावर पाच फणांचा नाग असून 'मुचरिंद नाग' असा त्याचा नामनिर्देशही आहे. बोधिप्राप्तीनंतरच्या वादळी पावसात तथागतांवर फणा धरणारा हाच तो नाग; परंतु शिल्पकाराने, त्या काळच्या संकेतास अनुसरून, बुद्धांची मानवी आकृती मात्र कोरलेली नाही. पुढे क्षत्रपांचाही संबंध या नगराशी आला, याची साक्ष महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ, देतो. तो पाहावयाचा तर पवनीस नव्हे, नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तेथील संग्रहालयात, जावे लागते.

पर्यटनाचा खरा पेच इथेच आहे. पाषाण संग्रहालयात सुरक्षित राहिले हे योग्यच झाले. पण त्यामुळे हौसेने आलेल्या प्रवाशाच्या वाट्यास येथे विटांचे थर आणि गवत तेवढे उरते, आणि तो जवळच्या रुयाडच्या नव्या, देखण्या महास्तूपाकडे वळतो. त्यास दोष देता येत नाही. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली, त्या गोसीखुर्द धरणामुळे या परिसरात जलविहाराच्याही योजना निघू लागल्या आहेत. अशा वेळी सिमेंटच्या कमानी आणि रंगीत कारंजी उभारण्याचा मोह आवरून, खंदकाच्या काठाने तटाला धरून जाणारी, टेकड्यांना जोडीत घाटाशी उतरणारी एक सावलीची पायवाट आखावी, वाटेत मुचरिंदाची आणि रूपिअम्माच्या स्तंभाची प्रामाणिक प्रतिकृती ठेवावी, आणि खंदकात भर घालून जागा काढण्याची परवानगी मात्र कोणासही देऊ नये. एकदा बुजलेला खंदक पुन्हा उकरण्याचा खर्च कोणतीही नगरपालिका सहसा मंजूर करीत नाही.