चित्राखालची ओळ

जुन्या युरोपीय छापचित्रांच्या खालच्या कडेला, चौकटीला अगदी लागून, बारीक अक्षरांत दोन-तीन नावे आढळतात. डाव्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचे नाव आणि त्यापुढे ‘पिंक्सिट’, म्हणजे याने रंगविले. नुसते रेखाटन असेल तर ‘डेलिनेआव्हिट’. उजव्या कोपऱ्यात तांब्याच्या पत्र्यावर ते कोरणाऱ्याचे नाव आणि ‘स्कल्प्सिट’. कल्पना एकाची, हात दुसऱ्याचा आणि विक्री बहुधा तिसऱ्याची, हे वास्तव त्या ओळीत आडपडदा न ठेवता नोंदविलेले असे. दुसऱ्याचे चित्र चारचौघांत फिरवायचे तर कोणते सौजन्य पाळावे, याचे इतके आटोपशीर उत्तर पुढे क्वचितच कोणी दिले असेल.

हे सौजन्य आपोआप मात्र रुजले नाही. ड्यूररच्या मेरी-चरित्राच्या काष्ठचित्रांच्या मार्कान्तोनिओ रायमोंदी याने ताम्रपटावर नकला केल्या, त्याही ड्यूररच्या सहीच्या चिन्हासकट. ड्यूररने व्हेनिसमध्ये दाद मागितली तेव्हा त्याला मिळाले ते एवढेच, की नकलाकाराने ते चिन्ह वापरू नये, असे व्हासारी सांगतो. व्हासारीला गोष्ट रंगवून सांगण्याची खोड होती हे मान्य केले तरी त्या निवाड्यातला भेद विचार करण्याजोगा आहे. नक्कल खपेल, नावाची चोरी खपणार नाही. 1511 साली ती चित्रमाला ग्रंथरूपाने निघाली, तेव्हा परक्याच्या श्रमांवर डल्ला मारणाऱ्यांना ड्यूररने अखेरच्या पानावर सज्जड दम भरला.

लंडनमध्ये विल्यम होगार्थला दम पुरेसा वाटला नाही. 1732 साली निघालेल्या त्याच्या सहा चित्रांच्या मालिकेच्या स्वस्त नकलांनी बाजार भरून गेला, तेव्हा त्याने इतर खोदकामकारांना सोबत घेऊन पार्लमेंटकडे अर्ज केला. 1735 चा कायदा झाला तो त्यातून. मुदत 14 वर्षांची. बेकायदा प्रतीमागे दंड पाच शिलिंगांचा. आणि प्रत्येक पत्र्यावर मालकाचे नाव व प्रसिद्धीची तारीख कोरण्याची अट. सौजन्याची ओळ अशी कायद्याची ओळ झाली. कायदा लागू होईपर्यंत होगार्थने पुढची मालिका रोखून धरली होती. तर नकलाकारांनी मूळ चित्रे पाहायला माणसे धाडली आणि त्यांच्या आठवणीवरून बनावट चित्रे आधीच विकायला काढली! गंमत अशी, की या कायद्याने संरक्षण दिले ते स्वतः कल्पना करून खोदणाऱ्याला. दुसऱ्याच्या चित्रावरून खोदकाम करणाऱ्याला त्यासाठी 1767 पर्यंत थांबावे लागले.

हा सारा खटाटोप आपल्यापासून दूरचा वाटेल, पण त्याची एक शाखा वेरूळपर्यंत येते. 1803 साली लंडनमध्ये वेरूळच्या लेण्यांची 24 दृश्ये प्रसिद्ध झाली. खोदकाम टॉमस डॅनियल याचे व त्याच्या देखरेखीखालचे, आणि ते जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून, हे मुखपृष्ठावरच नमूद आहे. वेल्स 1795 सालीच वारला होता. मृताचे श्रेय कोणी हिरावून घेतले नाही, हे डॅनियलला शोभणारेच.

तथापि याच लेण्यांची चित्रे पुण्याच्या गंगाराम तांबट यांनीही काढली होती. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी ते काम करीत. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडाही त्यांनी 1790 साली चितारला आहे. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांचे नाव नाही. ग्रंथातील रेखाटने वेल्सची असल्याने त्यास चोरी म्हणणे अन्यायाचे होईल. मला खटकते ते निराळेच. चित्राखालच्या ओळीत नाव यायचे तर आधी चित्र पत्र्यावर चढावे लागे, आणि कोणाचे चढावे हे ठरविणारे लंडनमध्ये बसलेले होते. आडनाव तांबट असलेल्या चित्रकाराच्या वाट्याला तांब्याचा पत्रा येऊ नये, हा निव्वळ योगायोग. पण तो मनातून जात नाही.

तांबट यांची कागदावरची चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. गेंड्याचे चित्रही तिथेच आहे, आणि त्याच्या नोंदीत चित्रकार म्हणून गंगाराम तांबट हेच नाव आहे.