दिव्यातून गावी : नोकरी नसलेल्या ठिकाणी राहायला यावं का?



दिवा जंक्शनवरून सावंतवाडीला गाडी सुटते. शिमग्याला आणि गणपतीला त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. दिव्यात खोली घेऊन राहिलेली कितीतरी घरं मूळची रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. हल्ली त्यांतली पोरं विचारायला लागलीत, "लांजा, राजापूर, देवरूख अशा ठिकाणी येऊन राहिलो तर जमेल का? तिकडं नोकरी तर नाही." आपण शेतीवाले एकतर लगेच "या की" म्हणतो, नाहीतर "वेडा झालास काय" म्हणतो. दोन्ही उत्तरं घाईची. कोकणातल्या घरांपुढं हा प्रश्न दीडशे वर्षं आहे. त्यांनी तो कसा भागवला ते आधी बघू.

माणूस गाव सोडून गेला का? चार महिने धो धो पाऊस, एक भाताचं पीक, वरकस जमिनीत नाचणी-वरी, आणि मार्चनंतर विहिरीला तळ. त्यावर खोत. पिकलं त्यातला मोठा वाटा खोताच्या कोठारात जायचा. अलिबागजवळ चरीच्या कुळांनी १९३३ साली संप केला, नारायण नागू पाटील पुढारी होते, आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या लोकांनी! आज कुणी एक हंगाम सोडून बघावा. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती रद्द करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर मुंबईची वाट पक्की झाली होती. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली गिरणी काढायला घेतली, आणि पुढं गिरणगाव भरला त्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा. रेल्वे नव्हती, आगबोटीनं जायचे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. अख्खं घर गेलं नाही. गडी गिरणीत, बाई शेतावर, महिन्याला मनीऑर्डर. गडी मिरगाच्या आधी जमलं तर लावणीला यायचा, नाहीतर गणपतीला. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या, तो याच पद्धतीचा हिशोब. शेतीनं पोट भरायचं आणि बाहेरच्या पैशानं बैल, बी-बियाणं, लग्न, औषध. दोन्ही पाय एकाच होडीत कुणी ठेवले नाहीत.

त्यातला एक पाय १८ जानेवारी १९८२ ला निघाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना पुन्हा गिरणी दिसलीच नाही. हजारो लोक गावाला परतले. गावात तोच भात, तीच वरकस, खायला तोंडं वाढलेली आणि मनीऑर्डर बंद. बरेच जण पुन्हा मुंबईकडं गेले, पण या वेळी परळ-लालबागला नाही. भाडं परवडेल तिथं, खाडीपलीकडं.

१९९० ला सरकारनं रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवड आणली. कोकणात कातळाशेजारच्या वरकस जमिनीत हापूस आणि काजू लागले ते मुख्यतः तेव्हापासून. दापोलीचं विद्यापीठ १९७२ पासून होतं, वेंगुर्ल्याची काजूची कलमं तयार होती, पैसा मात्र या योजनेनं पोचवला. १९८२ ला परतलेल्याला हे आठ वर्षं आधी मिळतं तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं माझं मत. मग २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे रोह्यापासून पुढं सगळी सुरू झाली. लोक म्हणाले, आता माणसं परत येतील. झालं उलटंच. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली, सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. आता बायका-पोरांसकट घर हलायला लागलं होतं, आणि गावच्या घराला कुलूप.

आता दिव्याची बाजू. दिवा, दातिवली, साबे, आगासन, म्हातार्डी ही आगऱ्यांची जुनी गावं. खाडीला बांध घालून खारजमीन राखायची, पहिल्या पावसानं मीठ धुतलं की भात. बांध सगळ्या गावानं मिळून सांभाळायचा, कारण एकाच्या शेतात खांड पडली की दहा जणांचं शेत खारं. १८५४ ला कल्याणपर्यंत रेल्वे याच शेतांतून गेली, पण शंभर वर्षं शेतं शेतंच राहिली. मग चाळी आल्या. आपण कोकणातले लोक पडीक टाकून आलो ती एक शेती, आणि ज्यावर येऊन राहिलो ती दुसरी.

दिव्यातही नोकऱ्या कुठं आहेत? नोकरी ठाण्याला, दादरला. दिवा म्हणजे झोपायची जागा आणि रोजची लोकल. २ जानेवारी २०१५ ला इथं प्रवाशांचा उद्रेक झाला, डिसेंबर २०१६ पासून जलद गाड्या थांबायला लागल्या, आणि तरी ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडून मेली. तेव्हा "गावात नोकरी नाही" म्हणताना दिव्यातल्या नोकरीचं भाडं काय पडतं तेही धरा.

यायचं असेल त्याला माझं सांगणं असं. काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी थोडं देतं, हापूस पाच-सहा वर्षं तरी हातात पैसा देत नाही. एकरी हापूस चाळीसेक झाडं, काजू ऐंशीच्या आसपास. तोवर घरात पैसा कुठून? नवरा-बायकोपैकी एकाची नोकरी चालू राहत असेल, किंवा हातात वायरिंग, पंप दुरुस्ती, गवंडीकाम असं काही असेल, तर लांजा-राजापुरात भागतं. तालुक्याच्या गावात पगार कमी, पण कामाची माणसं त्याहून कमी. नुसती बाग लावून बसणार असाल तर १९८२ च्या माणसाची अवस्था होईल.

आणि सातबारा आधी काढा. आजोबांच्या नावानंतर सतरा वारस लागलेले असतात, त्यातले निम्मे विरार-दिव्यात. कलम ८५ खाली वाटप झालं नसेल तर तुमच्या वाट्याची बाग कुणाच्या वाट्याला जाईल सांगता येत नाही. कूळ कायद्यातल्या १ एप्रिल १९५७ ची धास्ती अजून गेली नाही, म्हणून चुलते जमीन कसायला देणार नाहीत; पडीक ठेवतील, रान वाढवतील, पण देणार नाहीत. त्यांना भेटायला मे महिन्यात या, सगळे गावातच असतात. तेव्हा विहिरीत पाणी किती उरलंय तेही दिसेल, आणि माकडं कुठून उतरतात तेही.