नागलीला आयुक्त नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जव्हार तालुक्यात साखरशेत नावाचे एक गाव आहे. जव्हार आणि त्याला लागून असलेला मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आले. कविता लिहिणाऱ्या माणसाला असली नावे मोहात पाडतात. साखर आणि शेत हे दोन शब्द शेजारी आले की डोळ्यांपुढे उसाचे मळे आणि कारखान्याची चिमणी उभी राहते. पण या डोंगराळ टापूत पिकते ती नागली, वरई आणि थोडाफार भात. गावाला हे नाव कसे पडले याच्या तर्कात मी शिरत नाही. मला या नावाचा उपयोग आज वेगळ्याच कारणासाठी करायचा आहे. सरकारी धोरण घडते कसे, हा आपला विषय आहे आणि साखर व नागली यांच्यातल्या अंतरात त्याचे बरेचसे उत्तर दडलेले आहे.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या मदतीने सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला आता पाऊणशे वर्षे झाली. कारखान्यामागून बँक आली, कॉलेजे आली, आमदार-खासदार आले. उसाचा दर ठरवायला कायदा आहे, आणि साखरेचा कारभार पाहायला पुण्यात साखर आयुक्त बसतात. उसाचे वजन होते, त्याची पावती मिळते, ती पावती हातात घेऊन शेतकरी मोर्चा काढू शकतो. यात गैर काही नाही, मेहनतीने मिळवलेले आहे ते. पण नागलीला आयुक्त नाही. नागली काढून घरात कणगीत भरणाऱ्या वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी माणसांचे वजन, अक्षरशः वजन, सरकारने कधी आणि कसे करायला घेतले, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

जव्हारचा इतिहासच मोजमापाच्या गोष्टीने सुरू होतो. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये ती नोंदलेली आहे. मुकणे घराण्याचा मूळ पुरुष जयाबा याने तिथल्या सरदाराकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदार हो म्हणाला. जयाबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्या वादीने वेढा घालून सगळी जागाच आपली केली. अगदी हीच गोष्ट आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कार्थेज नगरीची राणी डिडो हिच्याबद्दल सांगतात. एवढ्या दूरच्या दोन मुलखांत एकच गोष्ट कशी, हे विद्वानांनी पाहावे. मला तिच्यातला डाव कळतो. किती द्यायचे, हे सरदाराने कबूल केले होते. कशाने मोजायचे, हे जयाबाच्या हातात राहिले.

पुढे जयाबाच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली निमशहा हा किताब दिला, असे तेच गॅझेटियर सांगते. एक कोळी राजा आणि त्याच्या नावामागे ‘शहा’, हा आपल्या मुलखाचा जुना मिलाफ आहे. तालुका, जिल्हा, दफ्तर, वसूल हे आपण रोज वापरतो ते कारभाराचे शब्दही असेच फारसी-अरबीतून येऊन मराठी झाले. हे संस्थान सहाशे वर्षे टिकले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळात, १९४८ साली, ते मुंबई राज्यात विलीन झाले. राजवाडा डोंगरावर राहिला आणि कारभार ठाण्याला गेला. जव्हारच्या घाटातून ठाण्याला जाऊन साहेबाची भेट घ्यायची म्हणजे आदिवासी माणसाचे दोन दिवस आणि दोन दिवसांची मजुरी गेली.

आता १९९२ सालाकडे येऊ. जव्हार तालुक्यातल्या वावर आणि वांगणी या गावांचे नाव त्या वर्षी पहिल्यांदा महाराष्ट्राने ऐकले. त्या पावसाळ्यात आणि पुढच्या महिन्यांत तिथे शंभराहून अधिक बालके दगावली. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर हे घडले. वर्तमानपत्रांत आले, विधिमंडळात गाजले, मंत्र्यांच्या गाड्या त्या वाटेने गेल्या.

त्या वेळी जो वाद झाला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुले कशाने मेली? मृत्यूच्या नोंदीत कारणाचा एक रकाना असतो. त्यात लिहिले जाते न्यूमोनिया, अतिसार, गोवर, जन्मतः कमी वजन. हे खोटे नसते. उपाशी मूल भुकेने सरळ मरत नाही. भुकेने पोखरलेल्या शरीराला साधा जुलाब पुरतो. पण रकान्यात जुलाब लिहिला की प्रश्न आरोग्य खात्याचा होतो आणि उत्तर म्हणून औषध जाते. भूक लिहिली असती तर प्रश्न रेशनचा झाला असता, मजुरीचा झाला असता, जमिनीचा आणि जंगलाचा झाला असता. दोन शब्दांतल्या एकाची निवड झाली की कोणते खाते जबाबदार आणि कोणते मोकळे, हे तिथल्या तिथे ठरून जाते.

एका कुडाच्या घराला किती खाती लागतात पाहा. बाळंतीण आरोग्य खात्याची. सहा वर्षांपर्यंतचे मूल अंगणवाडीचे, म्हणजे महिला व बालकल्याण खात्याचे. थोरला मुलगा आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी विकास खात्याचा. धान्य पुरवठा खात्याचे, घरामागचा डोंगर वनखात्याचा. चूल मात्र एकच. वावर-वांगणीनंतर सरकारच्या ध्यानात आले ते हेच. जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले आणि १९९५ साली नवसंजीवन योजना निघाली. तिच्यात नवे काम फारसे नव्हते. जी कामे वेगवेगळी खाती आपापल्या सवडीने करत होती, ती पावसाळ्याआधी एकत्र बसून करायची, असा तिचा आग्रह होता. वाट बंद होणाऱ्या गावांत पावसाआधी धान्य पोचवायचे, फिरती वैद्यकीय पथके ठेवायची, पिण्याच्या पाण्याचे पाहायचे, गरोदर बाईला थोडी रोख रक्कम आणि औषधे द्यायची. जिथे अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथे पावसाआधी या शब्दाला किती वजन आहे ते शहरात कळत नाही. श्रावण-भाद्रपदात घरातले धान्य संपलेले असते आणि शेतातली नागली अजून हिरवी असते. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होते, भुकेचे वर्ष आषाढात. दोन पंचांगे जुळवण्याचा तो पहिला गंभीर प्रयत्न होता.

त्याच सुमारास मंत्रालयात एक बदल झाला, ज्याची बातमी फारशी झाली नाही. आदिवासी उपयोजना १९७०च्या दशकापासून होती. पण प्रत्येक खाते आपल्या योजनांतून आदिवासींसाठी काय बाजूला काढायचे ते स्वतः ठरवी. एखादा रस्ता आदिवासी भागातून जात असला की त्याचा खर्च त्या हिशेबात टाकून मोकळे. सुकथनकर समितीच्या शिफारशीवरून १९९३-९४पासून हे उलटे केले गेले. लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे तेव्हा सुमारे नऊ टक्के रक्कम आदिवासी विकास खात्याच्या हाती द्यायची आणि कशावर खर्च करायची ते त्या खात्याने ठरवायचे. पैसे सगळेच्या सगळे पोचले असा दावा कोणी करणार नाही. पण बटवा कोणाच्या कमरेला, हा प्रश्न निदान तेव्हा विचारला गेला. मला विचाराल तर मंत्र्यांच्या दहा दौऱ्यांपेक्षा हा एक निर्णय मोठा.

भुकेला खरे उत्तर म्हणून महाराष्ट्राकडे एक योजना आधीपासून होती, आणि तिचा आपल्याला रास्त अभिमान आहे. रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात ती कल्पना आधी करून पाहिली. १९७२च्या दुष्काळाने तिला राज्यभर नेले, १९७७ साली कायदा झाला. तिच्या पैशासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला, म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराची हमी. सगळ्या पक्षांनी मिळून केलेला असा कायदा विरळाच. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेकारी भत्ता, तो रोज किमान एक रुपया. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला तेव्हा डोळ्यांसमोर महाराष्ट्राचाच नमुना होता.

मग जव्हार-मोखाड्यातली घरे दिवाळीनंतर कुलूप लावून भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर का जातात? उत्तर पुन्हा मोजमापात आहे. जुन्या हमीत नवे काम काढायला किमान पन्नास मजूर लागत. देशावरच्या एकठोक गावात पन्नास माणसे पारावरच भेटतात. इकडे गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेले पाडे. एका पाड्यावर वीस-तीस घरे, दुसरा पाडा ओढ्यापलीकडे. डोंगराळ भागासाठी ती अट पुढे सैल झाली, पण नियम मुळात कोणते गाव मनात धरून लिहिला गेला ते दिसून आलेच. दुसरी गोष्ट मजुरीची. ती दिवसावर नव्हे, खणलेल्या मातीच्या मापावर मिळते. कातळात कुदळ मारणाऱ्या अशक्त बाईचा खड्डा लहान होतो, म्हणून मजुरी लहान होते, म्हणून ती आणखी अशक्त होते. आणि पैसे हातात पडायला आठवडे लागतात. वीटभट्टीचा मालक आधीच उचल देतो. तो पिळतो, हे त्या माणसालाही ठाऊक असते. पण सणाच्या दिवशी हातात पैसे ठेवतो तोच. कुटुंब भट्टीवर गेले की मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीत राहते आणि मूल तिथे नसते. तराजू एकीकडे, मूल दुसरीकडे.

त्या तराजूचीही गंमत आहे, गंमत म्हणायची ती आपली. अंगणवाडीत मुलांची श्रेणी ठरवण्याची पट्टी २००६ नंतर बदलली, जागतिक आरोग्य संघटनेची नवी पट्टी आली. पट्टी बदलली की त्याच मुलांची संख्या वेगवेगळ्या रकान्यांत हलते, मुलांचे पोट होते तसेच राहते. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी याच काळाच्या आगेमागे दाखवून दिले की सरकारी नोंदीपेक्षा प्रत्यक्षातले बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत. सरकारने त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली, ही त्या सरकारच्या पदरात टाकावी अशी गोष्ट. २००५ साली राजमाता जिजाऊ मिशन स्थापन झाले. दोन वर्षांखालच्या खुरट्या बालकांचे राज्यातले प्रमाण २००५-०६ साली ३९ टक्के होते, ते २०१२च्या पाहणीत २३ टक्क्यांच्या आसपास आले. याचे कौतुक परदेशातही झाले. नंतरच्या राष्ट्रीय पाहण्यांत, तिथे वयोगट पाच वर्षांपर्यंतचा आहे, आकडा पुन्हा ३४-३५च्या घरात दिसतो. आणि २०१६ साली मोखाड्यातले बालमृत्यू परत मथळ्यांत आले, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्याला नोटीस काढली. त्याच्या आदल्या वर्षी गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळ गरम जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू झालेली होती.

एवढे ऐकून कोणाला वाटेल की रकाने नेहमी वरूनच खाली येतात. एकदा तरी ते खालून वर गेले आहेत, आणि तेही याच पट्ट्यातून. पिढ्यान्पिढ्या कसत असलेल्या वनजमिनीचा पुरावा आदिवासीने द्यायचा कुठून? सातबारा वनखात्याच्या नावावर. माणसाजवळ असलाच तर वनखात्याने अतिक्रमणाबद्दल ठोठावलेल्या दंडाच्या पावत्या. ज्या कागदाने त्याला गुन्हेगार ठरवले तोच त्याचा पुरावा. डहाणू-जव्हार भागात काम करणाऱ्या कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू हे दावे घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. कागद नाही एवढ्यावरून दावा फेटाळू नका, इतर पुरावाही पाहा, असा निकाल मिळाला. पुढे २००६ साली देशाचा वनहक्क कायदा झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी निघाले. त्यांतल्या तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. तीत सरकारी दस्तऐवज आहेत, जुने नकाशे आहेत, विहिरी आणि थडग्यांसारख्या खुणा आहेत. आणि शेवटी आहे दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचे निवेदन, लेखी उतरवून घेतलेले. कोणी म्हातारबा सांगतो, हा माळ यांच्या आज्याने फोडला, मी तेव्हा गुरे वळत होतो. वनहक्क समितीचा सचिव ते लिहून घेतो आणि खाली त्याचा अंगठा घेतो.