हातभर मातीचा हिशेब

वरकुटे बुद्रुक असो की वरकुटे खुर्द, इंदापूर तालुक्यातल्या जुन्या सातबाऱ्यावर जो सर्व्हे नंबर दिसतो, त्यामागची पद्धत याच तालुक्यात 1836 साली सुरू झाली. ती सुरू झाली एका मोठ्या चुकीमुळे.

आर. के. प्रिंगल हा हेलीबरी कॉलेजात अर्थशास्त्रज्ञ माल्थसकडे शिकलेला अधिकारी. लागवडीचा खर्च वजा जाता उरेल त्यातले शेकडा 55 सरकारचे, हा त्याचा हिशेब. कागदावर चोख असलेला हा दर दख्खनच्या रानात टिकला नाही. जमिनी पडीक पडल्या, कुणबी शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नवा दर बसवला आणि तो 30 वर्षांसाठी बांधून दिला.

त्यांची रीत 1847 च्या संयुक्त अहवालात सविस्तर आहे. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. साखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. पुढे प्रतवारी. मातीची खोली हातांनी मोजायची. उत्तम मातीचा पावणेदोन हात थर म्हणजे 16 आणे, एक हात म्हणजे 10, पाव हात म्हणजे साडेचार. चुनखडीचे खडे, वाळू, उतार अशा प्रत्येक दोषाला एक खूण, आणि खुणेगणिक प्रत एक पायरी खाली. शेताचा असा उभा छेद घेणारा कागद मला नकाशाइतकाच मोलाचा वाटतो. पाऊसमान आणि बाजाराचे अंतर मात्र त्यात नव्हते. ते गावांचे गट पाडून दर ठरवताना बघत.

नेमके तेच अंतर बदलले. 15 डिसेंबर 1858 रोजी पुण्याहून रेल्वे भीमेकाठच्या दिक्साळपर्यंत आली, पुढच्या ऑक्टोबरात बार्शी रोडपर्यंत गेली. मुदत संपल्यावर 1867 च्या फेरआकारणीत इंदापूरचा सारा चांगलाच चढला. वाढलेले धान्याचे भाव आणि रेल्वे ही त्याची कारणे दिली गेली. माती तितकीच हातभर होती. त्यातच कापसाची तेजी ओसरली, भाव उतरले, सारा भरायला सावकाराचे कर्ज वाढले.

12 मे 1875 रोजी शेजारच्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि लोण इंदापुरातही आले. शेतकऱ्यांनी मागून घेतले ते सावकारांचे रोखे. साऱ्याची दप्तरे कचेरीत होती.