एकच काम, दोन दाम : वेतनसमतेच्या दाव्यांचा इतिहास

आपल्या ज्ञातीतील किती घरांची चूल सरकारी वेतनावर पेटते याची मोजदाद कोणी केली नसेल. परंतु शिक्षक, तलाठी, टपाल खाते, रेल्वे, पोलीस यांपैकी कोठेच कोणी नोकरीस नाही असे घर निदान मला तरी आठवत नाही. सणावारी चार नातलग एकत्र बसले की पगाराचा विषय निघतोच, आणि “काम एकच, मग दाम दोन का?” हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. या प्रश्नास न्यायालयात काय उत्तरे मिळाली, ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावे या हेतूने हा अल्प लेख लिहीत आहे. प्रस्तुत लेखक कायद्याचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व प्राथमिक शाळेत हयात घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

भारताच्या संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात, स्त्रीपुरुषांस समान कामाबद्दल समान वेतन मिळावे असे धोरण शासनास घालून दिलेले आहे. परंतु हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात येतो, आणि त्या भागातील तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येत नाही, असे ३७ वा अनुच्छेद सांगतो. म्हणून नोकरवर्गास १४ व्या व १६ व्या अनुच्छेदांतील समतेच्या मूलभूत हक्कांचा आश्रय घ्यावा लागला. आरंभी हा आश्रय फळला नाही. प्राप्तिकर खात्यातील दुसऱ्या वर्गाचे अधिकारी किशोरी मोहनलाल बक्षी यांनी, पहिल्या वर्गाचे अधिकारी आमच्यासारखेच काम करतात, मग वेतन निराळे का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात उपस्थित केला. १९६२ च्या निवाडासंग्रहात हे प्रकरण आहे. समान कामास समान वेतन हे अमूर्त तत्त्व असून त्याचा १४ व्या अनुच्छेदाशी संबंध नाही, असे न्यायालयाने सांगितले. हा युक्तिवाद मानला तर सेवेच्या कालावधीनुसार मिळणारी वार्षिक वेतनवाढही टिकणार नाही, असेही कारण दिले. पुढे वीस वर्षे हाच विचार प्रमाण राहिला.

तो बदलला एका मोटारचालक शिपायामुळे. रणधीर सिंग हे दिल्ली पोलीस दलात गाडी चालवीत. त्यांच्या दलात मॅट्रिक नसलेल्या चालकास २१०–२७० व मॅट्रिक झालेल्यास २२५–३०८ रुपयांची वेतनश्रेणी होती. (मॅट्रिकच्या परीक्षेचे मोल दरमहा पंधरा रुपये! माझ्यासारख्या मॅट्रिकास हे वाचून हसावे की रडावे ते कळेना.) रेल्वे संरक्षण दलाच्या चालकास मात्र २६०–४०० मिळत, आणि दिल्लीच्या इतर कचेऱ्यांतील चालकांचाही आरंभ २६० पासूनच होई. असे होण्याचे कारण मोठे विलक्षण आहे. तिसऱ्या वेतन आयोगाने इतर खात्यांतील चालकांचा विचार चालक म्हणून केला, पण पोलीस दलातील चालकांचा विचार शिपायांबरोबर केला. गाडी तीच, रस्ता तोच. कागदावरचे प्रकरण तेवढे निराळे!

खाती भिन्न असल्याने तुलना होऊ शकत नाही, हे सरकारचे उत्तर होते. २२ फेब्रुवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी ते नाकारले. समान वेतन हा संविधानात स्पष्ट शब्दांनी सांगितलेला मूलभूत हक्क नाही हे त्यांनी मान्य केले. पण ते संविधानाचे उद्दिष्ट आहे, आणि १४ व १६ हे अनुच्छेद उद्देशिकेच्या व ३९ व्या अनुच्छेदाच्या प्रकाशात वाचले पाहिजेत, असा त्यांचा निर्णय झाला. पोलिसाचे अधिकार व कर्तव्ये अंगावर असल्याने या चालकांचे काम इतरांहून सोपे नव्हे, किंबहुना अधिक जबाबदारीचे आहे, हेही त्यांनी नमूद केले. १ जानेवारी १९७३ पासून निदान रेल्वे संरक्षण दलाच्या चालकांइतकी श्रेणी द्यावी, असा हुकूम झाला. मी वर्गात गणित शिकवीत असे, म्हणून हिशेब मांडून पाहिला. वेतनवाढी व भत्ते बाजूस ठेवले, तरी नुसत्या आरंभीच्या ३५ रुपयांच्या फरकाने मॅट्रिक चालकाचे नऊ वर्षांत ३,७८० रुपये बुडत होते. मॅट्रिक नसलेल्याचे ५,४००. त्या काळी एवढ्या रकमेत कन्येचे लग्न होत असे.

त्याच वर्षी, १७ डिसेंबर १९८२ रोजी, डी. एस. नकारा प्रकरणात पेन्शनीचा निर्णय लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे घटनापीठाचे प्रमुख होते. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या आधी निवृत्त झालेल्यांस पेन्शनीच्या सुधारित सूत्रातून वगळणे अन्यायाचे ठरले. आम्हां निवृत्तांस तो दिवस सणासारखाच वाटतो.

यावरून ‘दावा केला की वेतन मिळाले’ असे मात्र कोणी समजू नये. १९८८ साली सीमाशुल्क व उत्पादनशुल्क खात्यातील लघुलेखकांनी केंद्रीय सचिवालयातील लघुलेखकांशी बरोबरी मागितली, ती अमान्य झाली. कामाचा व्याप सारखा असला तरी त्याची जबाबदारी व विश्वासार्हता निराळी असू शकते, असे न्यायालय म्हणाले. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयातील बेंच सेक्रेटरींच्या प्रकरणात, दोन पदांची तुलना करणे हे मुख्यतः तज्ज्ञ मंडळाचे काम आहे, असे ठरले. माझ्या अल्पमतीस येथे थोडी शंका वाटते; कारण चालकांना शिपायांत बसविणारेही तज्ज्ञ मंडळच होते. असो.

२६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या प्रकरणात न्यायमूर्ती जगदीशसिंग खेहर व आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी हंगामी, रोजंदारी व कंत्राटी सेवकांचा विचार केला. नियमित सेवकाचेच काम करणाऱ्या अशा सेवकास त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे, असा निवाडा झाला. कमी वेतनावर राबणारा मनुष्य ते स्वेच्छेने करीत नाही, कुटुंबाच्या पोटासाठी स्वाभिमान गहाण टाकून करतो, अशा आशयाचे उद्गार त्यात आहेत. मात्र काम सारखे आहे हे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावरच ठेविला आहे, आणि तेथेच पुष्कळांची गाडी अडते.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळात शेजारच्या वर्गावर एक तरुण शिक्षणसेविका आली. २००० साली आपल्या राज्यात सुरू झालेल्या या योजनेत पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी नव्हे, ठोक मानधन मिळते. पट तिचा माझ्याएवढाच, तपासावयाच्या वह्याही तेवढ्याच. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली ६,००० वरून १६,००० रुपये झाले, तेव्हा तिची तीन वर्षे केव्हाच संपली होती. एके दिवशी मधल्या सुटीत तिने विचारले होते, “गुरुजी, तुम्ही त्या ड्रायव्हरची गोष्ट सांगता, ती आम्हांला लागू पडते का हो?” मी म्हणालो, “बाई, नेमणुकीचा हुकूम, हजेरीपत्रक आणि वर्गवाटपाचा कागद यांच्या नकला तेवढ्या नीट जपून ठेव.” तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही दोघे आपापल्या वर्गाकडे वळलो.