मांडव्याचा गडी बर्मिंगहॅमच्या मैदानावर

तारीख ६ ऑगस्ट २०२२. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर स्टेडियममध्ये तुम्ही जागा धरून बसला आहात. १९७६ सालचं हे मैदान राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नव्यानं उभं केलंय आणि आज गच्च भरलंय. खाली ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत सुरू होतेय. रेषेवर उभा आहे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, मांडव्याचा अविनाश साबळे.

१९९८ पासून सलग सहा स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानंच नेलीत. आजही त्यांचे तिघं आहेत. त्यातला कॉन्सेस्लस किप्रुतो तर रिओ ऑलिम्पिकचा विजेता.

पिस्तूल वाजतं. आता अडथळ्यांकडे नीट बघा. २८ कोरडे, ७ पाण्याचे. जवळपास कमरेएवढ्या उंचीची जाड फळी. पाय अडकला तर ती पडत नाही, माणूस पडतो. पाण्यापाशी धावपटू फळीवर पाय रोवतो आणि अंग पुढं झोकून देतो. उडी जितकी लांब, तितकं पाणी उथळ. भिजल्या बुटांनी लगेच पुढचं पाऊल.

केनियाचे तिघं पुढं, साबळे चौथा. फेऱ्या सरतायत, तो त्यांची पाठ सोडत नाही. हा दम कुठून आला, ते तुम्हाला ठाऊक आहे. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटरवर, जायला वाहन नाही. पोरगं चालायचं, पळायचं. पुढं महार रेजिमेंट, सियाचीनची थंडी, राजस्थानचं ऊन. स्टीपलचेस हाती धरली आणि २०१८ मध्ये गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

शेवटच्या फेरीची घंटा होते. साबळे वेग वाढवतो. किप्रुतो केव्हाच मागं पडलाय, आता आमोस सेरेमही सुटतो. समोर उरतो एकटा अब्राहम किबिवोट. शेवटच्या सरळ पट्ट्यात दोघं जवळजवळ खांद्याला खांदा लावून पळतायत आणि तुम्ही कधी उठून उभे राहिलात, तुमचं तुम्हालाच कळलेलं नाही. ओरडा, घसा बसेपर्यंत ओरडा!

फलकावर आकडे येतात. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. सुवर्ण पाच शतांश सेकंदानं हुकलं. पण रौप्य आलं, नवा राष्ट्रीय विक्रम झाला आणि केनियाची चोवीस वर्षांची मक्तेदारी मोडली. पुढल्याच वर्षी हा गडी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणार आहे.

बीड म्हटलं की लोकांना दुष्काळ आणि ऊसतोड आठवते. ते खरंच आहे, पण बीड तेवढंच नाही. गावाकडं पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं दिसतील, तेव्हा त्यांना नुसती भरतीची पोरं समजू नका. थांबून त्यांची वेळ विचारा, त्यांना बूट मिळवून द्या, चांगल्या प्रशिक्षकापर्यंत पोचवा. हे पाच शतांश भरून काढणारं पोर त्यांच्यातही असू शकतं.